नऊ नंबरची प्लेट

आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजवर जितकी माणसं शिरली, विद्यार्थी, प्राध्यापक, तपासणीला आलेले पाहुणे आणि एकदा एक चुकलेलं वासरूसुद्धा, त्या सगळ्यांत सोमवारची मनापासून वाट पाहणारी ती एकटीच. बाकी सगळे रविवारसाठी जगायचे. हिला रविवार म्हणजे वाटेतला खड्डा वाटायचा. ती घाटघरची, म्हणजे नाणेघाटाच्या अगदी तोंडाशी असलेल्या गावची. एम.एस्सी. झाल्यावर आमच्या विभागप्रमुखांच्या हाताखाली संशोधनाला राहिली होती. सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं जुन्नरला उतरायची आणि कुलूप निघायच्या आधी व्हरांड्यात उभी असायची, जणू आत कुणी आजारी माणूस ठेवलंय आणि रात्र कशी गेली ते विचारायचंय. मी निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालेला, मानद मार्गदर्शक म्हणून येऊन बसणारा म्हातारा. कॉलेजनं मला एक खुर्ची दिली होती आणि एक किल्ली. खुर्ची मी नीट वापरली. किल्ली मात्र एकदा वाईट वापरली, आणि त्या वापराचा दोष वर्षभर त्या मुलीच्या वहीत, तिच्याच अक्षरात, तिच्याच नावावर होता. हे लिहितोय ते त्यासाठी. पण आधी तिच्याबद्दल सांगतो, नाहीतर मी नेमकं काय बिघडवलं ते कळणार नाही.

तिचं संशोधन मातीतल्या जिवाणूंवर. शेतकरी जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरसचं खत, टाकतो, त्यातलं बरंचसं मातीत अडकून बसतं आणि पिकाला मिळत नाही. काही जिवाणू हे अडकलेलं स्फुरद विरघळवून मोकळं करतात. ते शोधायचे कसे? काचेच्या बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, दुधासारखं पांढरं खाद्य थिजवायचं आणि त्यावर मातीचं पाणी पसरायचं. जो जिवाणू कामाचा असतो त्याच्याभोवतीचं पांढरं नाहीसं होऊन काचेसारखं स्वच्छ कडं पडतं. इतकं सोपं आहे. मी माझ्या एम.फिल.ला हेच शोधत होतो. दोन वर्षं शोधून एकही कडं पडलं नाही. माझा प्रबंध लाल कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांसह घरी कपाटात आहे आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणाचा सारांश 'आढळले नाही' एवढाच आहे. पुढची चौतीस वर्षं मी फळ्यावर रंगीत खडूंनी जिवाणू काढले. फार सुंदर काढायचो. वाणिज्य शाखेची मुलं दारातून बघून जायची. या मुलीनं पहिल्याच आठवड्यात माझी एक जुनी आकृती भिंतीवर पाहिली आणि अगदी निर्मळपणे विचारलं, "सर, लई भारी काढलाय. तुमी ह्यो खराखुरा बघितला व्हता का?" मी म्हटलं, पुस्तकात. ती म्हणाली, "हां, मग बरोबर." त्या 'मग बरोबर'नं मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय खरं, पण त्याला ओवा चालणार नाही."

सोमवारी ती खाद्य शिजवायची. कॉलेजचं निर्जंतुकीकरणाचं यंत्र गळत असल्यामुळे हे काम एका मोठ्या प्रेशर कुकरवर चालायचं, आणि कुकरसमोर ती अशी बसायची की लग्नघरातल्या आचाऱ्यानं लाजावं. शिजलेलं खाद्य प्लेटींत ओतताना खोलीत कुणी बोलायचं नाही, पंखा बंद, खिडक्या बंद, ओढणी नाकावर. एप्रिल महिन्यात विभागप्रमुख स्वतः काही विचारायला आत आले तर तिनं मान न वळवता सांगितलं, "सर, तोंडातनं वारा येतो." प्रमुख घाम पुसत दाराबाहेर उभे राहिले. ते माझेच विद्यार्थी. माझ्या सबंध नोकरीत मला एखाद्या प्रमुखाला असं बाहेर उभं करता आलं नव्हतं. आमचे लॅब अटेंडंट मोमीनभाई, जुन्नरचेच, जुने, कुणालाही न जुमानणारे, तेसुद्धा तिच्या ओतण्याच्या वेळी चपला बाहेर काढून यायचे. मी विचारलं, "मोमीनभाई, हे काय?" तर म्हणाले, "काय करणार साहेब, पोरगी इतक्या मनानं करते की आपल्यालाच लाज वाटते." माझ्या तासाला हेच मोमीनभाई स्टुलावर बसून सुपारी कातरायचे.

मंगळवारी मातीचं पाणी पातळ करायचं. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव, ते सगळे एकदम पसरले तर नुसता चिखल दिसतो. म्हणून एका नळीतलं थोडं दुसऱ्या नळीत, दुसरीतलं थोडं तिसरीत, असं दहा-दहा पटीनं विरळ करत न्यायचं. हे मी वर्षानुवर्षं घातांक मांडून शिकवलं आणि निम्म्या वर्गाला ते परीक्षेपुरतंही कळलं नाही. तिनं नळ्यांना गावांची नावं दिली होती: जुन्नर, आपटाळे, चावंड, अंजनावळे, घाटघर. पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायची, "जुन्नरात एस.टी. भरली की पाय ठिवाया जागा नसती, माणूस वळखू येत न्हाई. आपटाळ्याला थोडी उतरतात, चावंडला आणि थोडी. घाटघरला गाडी गेली की दोन-चार टाळकी ऱ्हातात. मग त्यांला नावं इचारायची." मुलं हसली आणि जन्मात विसरली नाहीत. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. एवढ्या वर्षांत त्याच एस.टी.नं मीही शेकडो वेळा गेलो होतो, उभा राहून, आणि मला हे सुचलं नव्हतं.

बुधवारी ती फक्त बघायची. प्लेटी उबदार पेटीत उलट्या ठेवलेल्या असतात. त्या एकेक काढून, झाकण न उघडता, उजेडाकडे धरून बघायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. बघताना बोलायची, आमच्याशी नव्हे, आतल्यांशी. नवीन ठिपका दिसला की, "काय पावणं, आलात का? बसा." बुरशी दिसली की, "तुमाला कुणी बोलावलं व्हतं?" एखादी प्लेट कोरीच राहिली तर तिच्याकडे जास्त वेळ बघायची आणि हळूच म्हणायची, "ऱ्हाऊ दे. उद्या ये." मोमीनभाई म्हणायचे, "हिच्या घरच्यांनी स्थळं बघायला हिलाच पाठवावं. एकाला नाही म्हणायची नाही."

गुरुवारी माती आणायला. कधी घाटघरची भातखाचरं, कधी पूर्वेकडे आंबेगावातलं लोणी. लोणी माझं गाव. तिथं माझ्या पुतण्याच्या शेतात ती गेली आणि त्याला म्हणाली, "भाऊ, बांधावरची नगं, मधली द्या. बांधावर समदं चांगलंच असतं." पुतण्यानं काम सोडून तिच्यासाठी चार ठिकाणी खणलं. तेव्हापासून तो फोन करतो तो माझी तब्येत विचारायला नव्हे. "काका, त्या माती-मॅडमना सांगा, खालच्या तुकड्यात कांदा काढलाय, आता या म्हणावं." माझ्या गावची माती माझ्या नात्यातल्यांनी मला कधी दाखवली नव्हती. मी मागितली नव्हती, हेही खरं.

आणि शुक्रवारी प्रमुखांपुढे आठवड्याचं वाचन. वही उघडायची आणि झालं ते वाचायचं. इतर विद्यार्थी जे जमलं ते वाचायचे आणि जे फसलं त्यावरून बोट पटकन पुढे सरकवायचे. ही फसलेलं जास्त रंगवून वाचायची. "तीन नंबर, पाच नंबर, सहा नंबर, काय न्हाई. सात नंबर हातातनं पडली. फुटली. माझा धक्का." असं आठ महिने चाललं. एकही कडं पडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी खूश होतो. प्रत्येक शुक्रवारी 'काय न्हाई' ऐकलं की माझा लाल बांधणीचा प्रबंध थोडा कमी एकटा वाटायचा.

मग एका बुधवारी तिनं नऊ नंबरची प्लेट उजेडाकडे धरली आणि काही बोललीच नाही. मी खुर्चीतून विचारलं, "काय गं?" तिनं प्लेट माझ्यासमोर आणली. घाटघरच्या एका खाचरातली माती होती ती. पांढऱ्या दुधावर एक पिवळसर ठिपका आणि त्याच्याभोवती नखाएवढं कडं, इतकं स्वच्छ की त्यातून तिचा अंगठा दिसत होता. ती म्हणाली, "सर, पयल्यांदा तुमालाच दावते. तुमी लई वर्स बघत व्हता ना." ती हे चांगुलपणानं म्हणाली. मला ते चाबकासारखं लागलं. संध्याकाळपर्यंत प्रमुखांनी पुण्याच्या एका संस्थेत फोनही केला. सोमवारी प्लेटी पुन्हा तपासून निकाल पक्का झाला की जिवाणू ओळख पटवायला तिकडे जाणार आणि तिथल्या एका जागेसाठी तिचं नावही बरोबर जाणार, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती मातीला गेली. दुपारी मोमीनभाई नमाजाला गेले आणि मी किल्लीनं पेटी उघडली. मला ते कडं नीट बघायचं होतं, एवढं तर खरंच. पण त्यात कुठे खोट सापडली तर बरं, हेही मनात होतं. काचेला आतून वाफ धरली होती, नीट दिसेना. मी नऊ नंबरचं झाकण काढलं. हवेतले जंतू दूर ठेवायला जवळ पेटता दिवा नाही, काही नाही. मग तुलनेसाठी कंट्रोलही काढला. कंट्रोल म्हणजे जिच्यावर मुद्दाम काहीच पसरलेलं नसतं ती प्लेट. ती कोरी राहिली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. तिचंही झाकण काढलं. दोन्ही खिडकीत नेऊन, डोळ्याला लावून पाहिल्या. खोट नव्हती. मग दोन्ही झाकणं लावली, प्लेटी ठेवल्या, घरी आलो आणि भात खाल्ला.

झाकणांची अदलाबदल झाली होती. मी चौतीस वर्षं मुलांना ओरडून सांगत आलो की नंबर झाकणावर लिहू नका, तळाला लिहा, कारण झाकणं सगळी सारखी आणि हात चुकतो. तिनं नंबर तळालाच लिहिले होते. त्यामुळे प्लेटी आपापल्या जागी बरोबर होत्या, फक्त नऊ नंबरचं ओलं झाकण कंट्रोलवर बसलं होतं, आणि मी प्लेट पुन्हा उलटी करेपर्यंत त्याच्या थेंबांतून जे खाली ओघळायचं ते ओघळलं.

सोमवारी तिनं कंट्रोल उजेडाकडे धरला. चार पिवळसर ठिपके, एका ओघळाच्या रेषेत, प्रत्येकाभोवती फिकट कडं. मला त्याच क्षणी कळलं. प्रमुख बघून म्हणाले, "म्हणजे हा घाटघरचा नाहीच. आपल्या खाद्यातच होता, नाहीतर तुझ्या हातातून आला." ती म्हणाली, "माझ्याकडनंच झालं असंल, सर." प्रमुख हळहळले. ते वाईट माणूस नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "कंट्रोल बोलला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. सरांनीच शिकवलंय आम्हाला. काय सर?"

आणि मी म्हणालो, "नियम तो नियम."

तिनं त्या आठवड्याच्या सगळ्या प्लेटी, आतले जिवाणू मारून टाकायला, स्वतः कुकरमध्ये रचल्या. नऊ नंबर सगळ्यांत वर ठेवली. मग वहीत लिहिलं: 'कंट्रोलमध्ये वाढ. कारण, माझा निष्काळजीपणा.' पुण्याला नाव गेलं नाही.

पुढचं वर्ष ती येत राहिली, पण सोमवारची वाट पाहत नव्हे, शिक्षा भोगायला आल्यासारखी. जिवाणू उचलायची तारेची कडी एकदा ज्योतीत धरली की पुरते. ती तीनदा धरू लागली. हात इतके धुवायची की बोटांना भेगा पडल्या. एका कंट्रोलच्या जागी तीन ठेवू लागली. मोमीनभाई म्हणाले, "आता कंट्रोलवर लक्ष ठेवायला एक होमगार्ड आणा." पाहुण्यांशी बोलणं बंद झालं. त्याच खाचरात पाच वेळा जाऊन माती आणली, पण तो ठिपका पुन्हा आला नाही. आणि मुलांनी, मुलंच ती, एक नवा शब्द काढला. कुणाची प्लेट बिघडली की म्हणायचे, "अरे, तुझं घाटघर झालं." मीही एकदा हसलो. हेही इथं लिहून ठेवतो.

माझा हेवा या वर्षात शांत व्हायला हवा होता. तो झाला नाही. उलट, नासलेल्या दातासारखा दुखत राहिला. मग एका शुक्रवारी वाचन संपल्यावर तिनं वही मिटली आणि प्रमुखांना म्हणाली की ती बी.एड.चा अर्ज भरतेय. प्रमुख म्हणाले, "वेड लागलंय का तुला?" तर म्हणाली, "न्हाई सर, इचार केलाय. माझा हात चांगला न्हाई. हातानं करायचं काम माझ्याच्यानं व्हत न्हाई. शिकवीन की." मग माझ्याकडे बघून खरोखरच्या आदरानं हसली. "आपल्या सरांवानी. फळ्यावर काढीन."

मी आयुष्यात ज्या एका माणसाचा इतका हेवा केला, तिनं माझ्यासारखं व्हायचं ठरवलं होतं.

मी बसल्या जागेवरून सांगितलं. प्रमुख होते, मोमीनभाई होते. किल्ली, गुरुवार, दोन झाकणं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग यायची मी वाट पाहत होतो. पण तिनं आधी विचारलं, "झाकणाला आतनं पाणी व्हतं?"

"होतं."

"नवाच्या झाकणाला? लई?"

"थेंब होते."

"म्हंजे ते चार ठिपके वरनं पडले." ती बोटानं हवेत ओघळाची रेष काढून बघत होती. "म्हंजे नऊ नंबर खरा व्हता." आणि मग ती खाली बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "वरीसभर तुमी हितंच बसून व्हता, सर. म्या हात धुताना."

"हो."

मोमीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. प्रमुख टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिले. तिनं वही उघडून ते पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. तिच्या ओळीखाली मी लिहिलं की कारण वरील नव्हे, झाकणे मी उघडली व बदलली. सही केली. माझं अक्षर फळ्यावर चांगलं यायचं. तिथं ते वाईट आलं.

प्रमुखांनी या वेळी पुण्याला नाव पाठवलं, सविस्तर पत्रासह. माझ्याकडून त्यांनी फक्त किल्ली मागून घेतली. मी प्रयोगशाळेत जाणं बंद केलं. बाजारात एकदा ती समोरून आली, "नमस्ते सर" म्हणाली आणि पुढे गेली. अर्जाचं काय झालं, ते विचारायचा मला हक्क नव्हता.

तीन आठवड्यांनी एका सकाळी ती आमच्या दारात उभी. हातात वही, रस्त्याच्या धुळीसाठी ओढणी नाकावर. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "पुण्याला नऊ नंबरची नोंद द्यायचीय. जिवाणू न्हाई तर निदान नोंद. रंग लिवला, कडं मापलं व्हतं. वास ऱ्हायला." मला कळेना. ती म्हणाली, "म्या झाकण कधी काढलंच न्हाई सर. तुमी डोळ्याला लावून बघितली म्हणाला. म्हंजे वास आला असंल. दुसऱ्या कुणाला म्हाईत न्हाई तो."

मी डोळे मिटले. आला होता. त्या दुपारी खिडकीत आला होता आणि मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. म्हटलं, "पिठाचा. गिरणीतून आणल्यावर डबा उघडतो ना, तसा. कोमट. किंचित आंबूस."

"कसलं पीठ?"

"बाजरीचं."

तिनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "आमच्याकडं नाचणी. बाजरी कुठं पिकती तिकडं. बाजरीचा कसा असतो?"

ते मला सांगता येईना. लोणीचा माणूस मी, बाजरीवर वाढलेला, पण तो वास कसा असतो ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. तेवढ्यात बायको आतून आली. ती सगळं ऐकत होती. सकाळीच दळण आणलेलं, डबा अजून गरम होता. तिनं तो उंबऱ्यापर्यंत आणला, झाकण काढलं आणि त्या मुलीपुढे धरला. तिनं वही काखेत घेतली, ओढणी नाकावरून खाली ओढली, डबा दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून त्यावर वाकली.

बराच वेळ ती तशीच वाकून होती. बायकोनं मला खुणेनं विचारलं, काय झालं. मी मान हलवली, बोलू नको म्हणून, आणि आत जाऊन पंखा बंद केला.